एकच ऑक्सिजन हवा, दुसरा नको : सल्फाइडचे सल्फॉक्साइड करताना नेमके थांबायचे कुठे?

अ‍ॅसिडिटीचा त्रास असलेल्या घरात सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची एक गोळी किंवा कॅप्सूल हमखास सापडते. पाकिटावरचे नाव वेगवेगळे असते, पण खाली बारीक अक्षरात ओमेप्राझोल, पँटोप्राझोल, रॅबेप्राझोल, लॅन्सोप्राझोल किंवा इसोमेप्राझोल असे काहीतरी लिहिलेले असते. या सगळ्या ‘प्राझोल’ मंडळींच्या रेणूत मधोमध गंधकाचा, म्हणजे सल्फरचा, एक अणू असतो आणि त्याला ऑक्सिजनचा एकच अणू जोडलेला असतो. तो ऑक्सिजन काढून टाकला तर औषध पोटात काम करत नाही. आणखी एक जोडला तरी काम करत नाही. त्यामुळे ही औषधे बनवणाऱ्या कारखान्यात शेवटच्या टप्प्यावर एकच प्रश्न असतो : पहिला ऑक्सिजन चढवायचा आणि दुसरा चढण्याआधी थांबायचे कसे?

रसायनशास्त्रात या कामाला सल्फाइडचे सल्फॉक्साइडमध्ये निवडक ऑक्सिडीकरण म्हणतात. नाव जड आहे, गोष्ट तेवढी जड नाही.

सल्फाइड, सल्फॉक्साइड, सल्फोन

शाळेत सल्फाइड म्हटले की लोखंडाचे सल्फाइड किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड आठवतो. इथले सल्फाइड वेगळे. यात गंधकाच्या दोन्ही बाजूंना कार्बन असतो, म्हणून त्याला थायोईथर असेही नाव आहे. अशा गंधकाकडे इलेक्ट्रॉनांच्या दोन जोड्या मोकळ्या असतात. एका जोडीवर ऑक्सिजन बसला की सल्फॉक्साइड होते. दुसऱ्या जोडीवरही ऑक्सिजन बसला की सल्फोन होते. वजनाचा फरक प्रत्येक वेळी फक्त १६ चा. ओमेप्राझोलच्या बाबतीत सांगायचे तर सल्फाइडचे रेणुभार सुमारे ३२९, ओमेप्राझोलचे ३४५ आणि सल्फोनचे ३६१.

सल्फोन हा या प्रवासाचा शेवट आहे. तो फार स्थिर असतो. सल्फॉक्साइड मधले स्टेशन आहे, आणि गाडी तिथेच थांबवायची आहे.

स्वीडनमधली एक अडचण आणि तिच्यातून निघालेली वाट

ओमेप्राझोलचा शोध स्वीडनमध्ये अ‍ॅस्ट्रा समूहातल्या हॅस्ले या कंपनीत लागला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथले संशोधक पोटातले आम्ल कमी करणारा रेणू शोधत होते. एक चांगला रेणू हाती लागला, तो सल्फाइड होता. पण एका हंगेरियन कंपनीने क्षयरोगावरचे संभाव्य औषध म्हणून त्याचे पेटंट आधीच घेऊन ठेवले होते. इथे काम थांबले असते. मात्र चाचण्यांमध्ये असे दिसले की शरीरात गेल्यावर त्या सल्फाइडचे सल्फॉक्साइड होते, आणि हे सल्फॉक्साइड मूळ रेणूपेक्षा जास्त प्रभावी आहे. शिवाय ते हंगेरियन पेटंटात बसत नव्हते. त्याचे नाव टिमोप्राझोल ठेवले गेले.

एका ऑक्सिजनमुळे औषध अधिक चांगले झाले आणि कायद्याची अडचणही सुटली. टिमोप्राझोल स्वतः बाजारात आले नाही, कारण प्राण्यांमध्ये थायरॉइड आणि थायमस ग्रंथींवर त्याचे दुष्परिणाम दिसले. त्याच सांगाड्यात फेरबदल करत १९७९ मध्ये ओमेप्राझोल तयार झाले आणि १९८८ मध्ये ते बाजारात आले. त्याआधी पोटाच्या अल्सरसाठी शस्त्रक्रिया करावी लागणे ही नवलाची गोष्ट नव्हती.

हा एक ऑक्सिजन इतका महत्त्वाचा का? ओमेप्राझोल जसेच्या तसे काहीच करत नाही. रक्तातून ते जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचते आणि तिथल्या तीव्र आम्लात त्याचा रेणू स्वतःवरच वळतो. रेणूच्या एका टोकाचा नायट्रोजन दुसऱ्या भागातल्या कार्बनवर हल्ला करतो, गंधक मोकळा होऊन आक्रमक बनतो आणि आम्ल बाहेर फेकणाऱ्या प्रथिनाच्या, म्हणजे प्रोटॉन पंपाच्या, गंधकाला घट्ट धरतो. पंप बंद. सल्फाइडमध्ये ही उलथापालथ सुरूच होत नाही, कारण त्याला ढकलणारा ऑक्सिजन नसतो. सल्फोनमध्येही होत नाही. आम्लाने सुरू होणारे हे कुलूप उघडण्याची किल्ली फक्त सल्फॉक्साइडकडे आहे.

याची दुसरी बाजू अशी की तोंडावाटे घेतलेले औषध जठरातल्या आम्लात वाटेतच फुटेल. म्हणून कॅप्सूलमधल्या दाण्यांवर आम्लात न विरघळणारा लेप असतो. कॅप्सूल चावू नका किंवा दाणे कुटू नका असे डॉक्टर सांगतात ते याच कारणाने.

शेवटचा एक टक्का

पहिला ऑक्सिजन चढणे सोपे आहे. हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा परॉक्सी आम्ल यांसारखी ऑक्सिडीकारके इलेक्ट्रॉनांची भुकेली असतात आणि सल्फाइडचा गंधक इलेक्ट्रॉन द्यायला तयार असतो. एकदा ऑक्सिजन बसला की तो गंधकाचे इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे दुसरा ऑक्सिजन घ्यायला गंधक तेवढा उत्सुक राहत नाही. म्हणजे निसर्ग थोडी मदत करतोच. दुसरी पायरी पहिलीपेक्षा संथ असते.

मग अडचण कुठे? हिशोब करून पाहिले की कळते. समजा पहिली पायरी दुसरीपेक्षा १०० पट वेगवान आहे. भांड्यात अर्धे सल्फाइड बदलले आहे, तेव्हा दोघे समसमान आहेत आणि नव्याने घातलेल्या ऑक्सिडीकारकातला जेमतेम एक टक्का सल्फोन बनवण्यात जातो. ९० टक्के काम झाले, म्हणजे सल्फाइड १० आणि सल्फॉक्साइड ९० उरले, की हे प्रमाण आठ टक्क्यांच्या वर जाते. आणि ९९ टक्के काम झाल्यावर सल्फाइडचा एक भाग १०० पट वेगाने आणि सल्फॉक्साइडचे ९९ भाग एक पट वेगाने, असा सामना बरोबरीत सुटतो. त्या क्षणी घातलेल्या ऑक्सिडीकारकातला जवळपास अर्धा भाग नको त्या कामाला लागतो. शंभर पट फरक ऐकायला मोठा वाटतो, पण शेवटच्या टक्क्याला तो पुरत नाही.

आणि औषधात शेवटचा टक्का मोजला जातो. दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत घेतल्या जाणाऱ्या औषधाच्या कच्च्या मालात कोणतीही अशुद्धी ०.१० टक्क्यांच्या वर गेली तर ती नेमकी काय आहे हे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक नियमांनुसार शोधावे लागते. सल्फोन आणि सल्फॉक्साइड दिसायला, विरघळायला, स्फटिक व्हायला इतके सारखे असतात की एकदा सल्फोन तयार झाला की तो धुऊन काढणे जिकिरीचे होते. उलट उरलेले सल्फाइड काढणे बहुतेक वेळा सोपे जाते. त्यामुळे अनुभवी रसायनतज्ज्ञ अभिक्रिया पूर्ण होण्याची वाट पाहत नाहीत. थोडे सल्फाइड शिल्लक असतानाच ते हात आखडता घेतात. विद्यार्थ्याला शंभर टक्के अभिक्रिया घडवून आणण्याची हौस असते, इथे तीच महागात पडते.

कारखान्यात काय केले जाते

पहिला नियम मापाचा. एका रेणूला एकच ऑक्सिजन. ओमेप्राझोलचे एक किलो सल्फाइड घेतले तर त्यात सुमारे ३.०४ मोल असतात. तेवढ्याच मोल शुद्ध हायड्रोजन पेरॉक्साइडचे वजन साधारण १०३ ग्रॅम भरते, म्हणजे ३० टक्क्यांच्या द्रावणाचे सुमारे ३४४ ग्रॅम. पण बाटलीवर ३० टक्के लिहिले आहे म्हणून आत ३० टक्केच असेल असे नाही. पेरॉक्साइड साठवणीत हळूहळू फुटत जाते. म्हणून वापरण्याआधी त्याची ताकद आयोडीनच्या साहाय्याने मोजून घेतात. न मोजता ‘थोडे जास्तच घालू’ म्हणणे म्हणजे सल्फोनला आमंत्रण.

ओमेप्राझोलसाठी प्रयोगशाळेत वापरले जाणारे नेहमीचे ऑक्सिडीकारक म्हणजे मेटा-क्लोरोपरबेंझोइक आम्ल, रसायनतज्ज्ञांच्या बोलीत एमसीपीबीए. ते पांढऱ्या पावडरीच्या रूपात मिळते आणि बाजारात साधारण ७० ते ७७ टक्के शुद्धतेचेच विकले जाते. त्याहून शुद्ध केले तर धक्क्याने स्फोट होण्याचा धोका वाढतो, म्हणून मुद्दाम पाणी आणि दुसरे आम्ल मिसळून ठेवलेले असते. काम झाल्यावर त्यातून जे क्लोरोबेंझोइक आम्ल उरते तेही त्रासदायक, कारण ओमेप्राझोलला आम्ल सोसत नाही. वेळेवर अल्क घालून आम्ल मारले नाही तर पांढरी पावडर जांभळट-तपकिरी पडू लागते. म्हणजे ज्या गुणामुळे हे औषध पोटात काम करते, तोच गुण कारखान्यात डोकेदुखी ठरतो.

दुसरा नियम थंडीचा आणि सावकाशपणाचा. ऑक्सिडीकारक एकदम ओतत नाहीत. भांडे थंड ठेवून, ढवळत, थेंब थेंब सोडतात. यामागे निवडकतेइतकीच सुरक्षिततेची काळजी असते. हे ऑक्सिडीकरण भरपूर उष्णता सोडते. शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ती बर्फाच्या पाण्यात निघून जाते, हजारो लिटरच्या रिअ‍ॅक्टरमध्ये तशी निघत नाही. पेरॉक्साइड साचत गेले आणि अभिक्रिया उशिरा भडकली तर तापमान आटोक्याबाहेर जाते, सोबत ऑक्सिजन वायू सुटतो आणि ज्वलनशील द्रावकाच्या वाफांशी त्याची गाठ पडते. म्हणून घातलेले पेरॉक्साइड लगेच खर्ची पडते आहे ना, हे पाहत पाहतच पुढचे घालतात. काम संपले की उरलेसुरले ऑक्सिडीकारक सोडियम सल्फाइट किंवा थायोसल्फेट घालून संपवून टाकतात. ते राहून गेले तर नंतर द्रावक उकळून काढताना ते घट्ट होत जाते.

ऑक्सिडीकारकाची निवडही महत्त्वाची. १९६२ मध्ये लेनर्ड आणि जॉन्सन या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले की पाण्यात विरघळलेले सोडियम पेरायोडेट शून्य अंशाच्या आसपास सल्फाइडचे सल्फॉक्साइड करते आणि सहसा तिथेच थांबते. ही पद्धत आजही पाठ्यपुस्तकात असते. तिचा तोटा एवढाच की ती महाग आहे आणि मागे आयोडेटचा ढीग उरतो. हायड्रोजन पेरॉक्साइडचा कचरा म्हणजे निव्वळ पाणी, म्हणून उद्योगांचा ओढा तिकडे. एका फ्लोरिनयुक्त अल्कोहोलमध्ये, हेक्साफ्लोरोआयसोप्रोपेनॉलमध्ये, पेरॉक्साइड उत्प्रेरकाशिवायही नेटके काम करते. हे द्रावक तयार झालेल्या सल्फॉक्साइडच्या ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाने धरून ठेवते, त्यामुळे गंधक आणखी इलेक्ट्रॉन द्यायला नाखूश होतो. पोटॅशियम परमँगनेट मात्र या कामाला उपयोगाचे नाही. ते सल्फॉक्साइडवरच जोराने तुटून पडते. सल्फोन हवा असेल तेव्हा ते काढावे.

डावा हात, उजवा हात

इथपर्यंत एक गोष्ट बाजूला ठेवली होती. सल्फॉक्साइडचा गंधक सपाट नसतो. दोन कार्बन, एक ऑक्सिजन आणि इलेक्ट्रॉनांची एक मोकळी जोडी असा तो चार टोकांचा असतो. दोन कार्बन बाजू वेगवेगळ्या असतील तर ऑक्सिजन या बाजूने बसला की एक रेणू, त्या बाजूने बसला की त्याची आरशातली प्रतिमा. डाव्या आणि उजव्या हातासारखे. खोलीच्या तापमानाला एकाचे दुसऱ्यात रूपांतर होत नाही. साधे पेरॉक्साइड दोन्ही बाजूंनी सारखेच येते आणि अर्धे-अर्धे मिश्रण मिळते. ओमेप्राझोल हे असेच मिश्रण आहे.

एकच हात हवा असेल तर? १९८४ मध्ये फ्रान्समध्ये ऑर्से इथे हेन्री कागन यांच्या गटाने आणि इटलीत पाडुआ इथे जॉर्जो मोदेना यांच्या गटाने स्वतंत्रपणे जवळपास एकच उपाय सुचवला. टायटॅनियमचे एक संयुग, टार्टारिक आम्लाचे एस्टर आणि एक सेंद्रिय हायड्रोपेरॉक्साइड. टार्टारिक आम्ल हे द्राक्षे आणि चिंचेत असणारे, स्वतःच एका हाताचे आम्ल. टायटॅनियमभोवती ते असे बसते की सल्फाइडला ऑक्सिजन एकाच बाजूने मिळतो. बॅरी शार्पलेस यांनी १९८० मध्ये याच मिश्रणाने दुसरी एक अभिक्रिया साधली होती. त्या दिशेच्या कामासाठी २००१ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांत शार्पलेस होते. कागन यांच्या पद्धतीतली गंमत अशी की त्यात मोजून थोडे पाणी घालावे लागते, आणि शार्पलेसची पद्धत पाणी टाळण्यासाठी प्रसिद्ध होती.

ओमेप्राझोलच्या सल्फाइडवर ही पद्धत आधी नीट चालली नाही. अ‍ॅस्ट्राच्या रसायनतज्ज्ञांनी टायटॅनियमचे मिश्रण सल्फाइडच्या सान्निध्यातच उबेवर तयार होऊ दिले आणि त्यात थोडे सेंद्रिय अल्क घातले, तेव्हा हव्या त्या हाताचे प्रमाण इतके वाढले की दोन्हींतला फरक ९४ टक्क्यांच्या वर गेला. उरलेली कसर क्षार बनवून स्फटिकीकरणाने भरून काढली. हेच इसोमेप्राझोल. २००० मध्ये ते ‘नेक्सियम’ नावाने बाजारात आले, ओमेप्राझोलच्या पेटंटची मुदत संपत असतानाच.

त्यावरून वाद झाला आणि तो रास्त होता. जठरातल्या आम्लात दोन्ही हातांच्या रेणूंपासून शेवटी एकच क्रियाशील रूप तयार होते, त्यात डावे-उजवे उरतच नाही. फरक पडतो तो यकृतात. तिथले एक विकर इसोमेप्राझोलचा निकाल तुलनेने सावकाश लावते, म्हणून तेवढ्याच मात्रेत रक्तात जास्त औषध पोहोचते. काही रुग्णांना याचा फायदा होतो. पण जुन्या औषधाची मात्रा थोडी वाढवून तेच साधले नसते का, हा टीकाकारांचा प्रश्न होता. रसायनशास्त्र म्हणून मात्र त्या कामाला तोड नाही. आता हेच ऑक्सिडीकरण हवेतल्या ऑक्सिजनवर, मुद्दाम बदल घडवलेल्या विकरांकडूनही करून घेता येते.

जिथे एक ऑक्सिजन जीव वाचवतो

१२ जुलै १९१७ च्या रात्री बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने मस्टर्ड गॅस पहिल्यांदा वापरला. त्वचेवर मोठाले फोड आणणारे, डोळे आणि फुप्फुसे जाळणारे हे रसायनही एक सल्फाइडच आहे. त्याच्या गंधकावर एक ऑक्सिजन चढवला की मिळणारे सल्फॉक्साइड खूपच कमी घातक असते. पण दोन ऑक्सिजन चढले तर तयार होणारा सल्फोन पुन्हा फोड आणतो. म्हणजे निर्विषीकरण करताना ऑक्सिडीकारक जास्त जोरकस असले तर एक विष जाऊन दुसरे येण्याची भीती.

म्हणूनच संशोधक इथेही ‘नेमके थांबणारे’ ऑक्सिडीकारक शोधतात. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या गटाने धातू आणि सेंद्रिय रेणूंच्या जाळीदार स्फटिकांचा वापर करून दाखवला. त्यावर साधा एलईडी प्रकाश पाडला की ऑक्सिजन उत्तेजित होतो आणि मस्टर्डऐवजी चाचणीसाठी वापरलेल्या त्याच्यासारख्या रसायनाचे मिनिटांत सल्फॉक्साइड करतो, पुढे जात नाही.

यकृतात आणि लसणात

माणसाचे शरीर हे काम रोज करते. शाळेत मुलांना दिली जाणारी जंताची गोळी, अल्बेंडाझोल, सल्फाइड आहे. आतड्यातल्या जंतांवर ती थेट चालते. पण मेंदूत किंवा यकृतात जंतांच्या गाठी असतील तर तिथे पोहोचणारे खरे औषध असते अल्बेंडाझोल सल्फॉक्साइड, जे यकृत तयार करते. यकृत तिथे थांबत नाही, काही वेळाने त्याचा सल्फोन करते आणि तो निष्क्रिय असतो. सुलिंडॅक या वेदनाशामकाचे याच्या अगदी उलट आहे. गोळीत ते सल्फॉक्साइड असते, आणि शरीर त्यातला ऑक्सिजन काढून सल्फाइड करते तेव्हा ते कामाला लागते.

लसणाच्या पाकळीत अ‍ॅलिइन असते. ते सल्फॉक्साइड आहे, एकाच हाताचे, आणि अखंड पाकळीला फारसा वास नसतो तो त्यामुळेच. खलबत्त्यात पाकळी ठेचली की पेशी फुटतात, एक विकर अ‍ॅलिइनला भेटते आणि काही क्षणांत झणझणीत अ‍ॅलिसिन तयार होते. कांदा चिरताना डोळ्यांतून पाणी काढणारे रसायनही अशाच एका सल्फॉक्साइडपासून निघते.

सगळ्यात साधे सल्फॉक्साइड म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड, डीएमएसओ. रशियन रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर झायत्सेव्ह यांनी ते १८६० च्या दशकात तयार केले. पुढे लाकडापासून कागदाचा लगदा करताना निघणाऱ्या टाकाऊ पदार्थांतून त्याचे सल्फाइड मिळू लागले आणि डीएमएसओ स्वस्त झाले. मूळ पेशी गोठवून साठवताना त्यांच्यात बर्फाचे टोकदार स्फटिक होऊ नयेत म्हणून आज ते मिसळले जाते. ते १८.५ अंश सेल्सिअसला गोठते, त्यामुळे एसी जोरात असलेल्या प्रयोगशाळेत बाटलीच दगड होऊन बसते. ते त्वचेतून झटकन आत शिरते. हातावर सांडले की थोड्याच वेळात तोंडाला लसणासारखा वास येऊ लागतो, कारण शरीर त्यातल्या थोड्याशा भागावरचा तो एकमेव ऑक्सिजन काढून घेते आणि डायमिथाइल सल्फाइड श्वासातून बाहेर पडते.